शेंदराखालचा नंबर

अहो,

गाडी दारात नाही. तुम्ही वरून बघत असाल तर पहिला प्रश्न हाच विचाराल, म्हणून आधी तेच सांगते. विकली नाही, ठोकली नाही, आपल्या अमेयने मित्राला दिलीही नाही. आज दुपारी शोरूमची क्रेन आली आणि तिला उचलून घेऊन गेली. तुमच्या लाडक्या गाडीची पुढची चाकं हवेत आणि अख्खी गल्ली गॅलरीत! शेजाऱ्यापाजाऱ्यांना उत्तरं देऊन झाली, तुम्हालाच सांगायचं राहिलं, म्हणून हे पत्र.

सकाळी तुमच्या अक्कांच्या प्रशांतचा अमेरिकेहून फोन आला. ख्यालीखुशाली राहिली बाजूला, पहिलं वाक्य काय, तर "मामी, मामांची गाडी अजून वापरता का?"

त्याच्याकडे आपल्यासारखीच गाडी आहे ना? कंपनीने त्याला कळवलंय म्हणे, की धडक बसली की एअरबॅग फुगते खरी, पण तिला फुगवणारी आतली लोखंडी डबीच काही गाड्यांत फुटते. मग तिचे तुकडे पिशवी फाडून समोरच्याच्या तोंडावर, गळ्यावर येतात. "सगळ्याच गाड्यांत नाही, मामी. चेसिस नंबरावरून कळतं. तुमच्या शोरूमला फोन करून तपासा. आणि तोवर कुणी बसू नका त्या गाडीत."

आणि आज दुपारी अमेय मंजिरीला घेऊन येवल्याला निघणार होता! उद्या तिचं माहेरी डोहाळजेवण. सातवा महिना लागलाय आपल्या सुनेला. मागे बसलं की मळमळतं, म्हणून ती पुढेच बसते.

खरं सांगू? मला भीती वाटायच्या आधी राग आला. तुम्ही ती गाडी कशासाठी घेतली होती? वसंतभाऊजी आठवतात मला. तुमचा धाकटा भाऊ, पिंपळगावजवळ उभ्या ट्रकवर आदळला आणि स्टिअरिंग छातीत घुसलं. सिव्हिलमधून घरी आलात, पायरीवर बसलात आणि म्हणालात, "सुमन, आपन गाडी घेऊ तवा पिशव्यावालीच घेऊ." त्या काळात आपल्या मखमलाबादेत कुणाला ठाऊक होतं हो असलं काही? तुम्ही कुठल्याशा मासिकात चित्र बघून ठेवलं होतं. मग वर्षानुवर्षं झेंडू पिकवलात, भल्या पहाटे मार्केटला नेलात, आणि शेवटी गावातल्या डॉक्टरांची ही चंदेरी गाडी जुनी का होईना, घेतलीत. स्टिअरिंगवर थाप मारून सगळ्यांना दाखवायचात, "हितं एक पिशवी हाय, आन् सुमनच्या म्होरं एक. आता वशाला झालं तसं कुनाला व्हायचं नाय."

आणि तीच पिशवी? मी तुमच्या फोटोकडे बघून चांगलंच सुनावलं. मंजिरी स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं कुणी आलंय.

तुमचा मुलगा मात्र तुमच्यावर गेलाय. "आई, अमेरिकेतल्या गाड्यांचं असेल ते. इथे काही होत नाही. आणि वाटतंच तर मंजिरी मागे बसेल."

"आणि तू कुठे बसणार? टपावर? स्टिअरिंगमध्ये पण पिशवी आहे, बाबांनी शंभरदा दाखवलीये ती!"

"तिकडे तिचे आईवडील वाट बघतायत."

"बघू देत. नंबर तपासल्याशिवाय ही गाडी फाटकाबाहेर जाणार नाही."

मी फाटकाला कडी घातली आणि तिथेच उभी राहिले. तुमच्याशी कधी असं वागले नव्हते. वागायला हवं होतं का हो? तुमच्या छातीत कळा यायच्या तेव्हा?

असो. नंबर काढायला गेलो, तर आरसी बुक घडीवर इतकं झिजलेलं की शेवटचे आकडे दिसेनात. विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते तुम्हालाच ठाऊक! शोरूममधली मुलगी फोनवर म्हणाली, "सर, बॉनेट उघडा. इंजिनामागच्या पत्र्यावर नंबर कोरलेला असतो."

अमेयने बॉनेट उघडलं. आणि आम्ही तिघं बघतच राहिलो.

नंबर कुठाय? तिथे तुमचा शेंदूर!

पहिल्या दसऱ्याला मी म्हटलं होतं, बाहेर बॉनेटवर स्वस्तिक काढा, चाकाखाली लिंबू ठेवा, झालं. पण तुम्ही ऐकाल तर ना. "गाडीचं नाव हितं कोरलंय. कुंकू कपाळाला लावत्यात का टायरला?" असं म्हणून वणीच्या गडावरून आणलेला शेंदूर तेलात कालवलात आणि नेमका त्या नंबरावर लावलात. दर दसऱ्याला, झेंडूचा शेवटचा क्रेट विकून आलात की नवा थर. इंजिनाच्या उष्णतेने सगळं भाजून विटेसारखं घट्ट झालंय. सगळ्यात वरच्या थरात तुमचं बोट उमटलेलं होतं. गेल्या दसऱ्याचं. माघात तर तुम्ही गेलातच.

अमेयने स्क्रू ड्रायव्हर आणला. मी म्हटलं, "थांब." तो थांबला. त्यालाही ते बोट दिसलं होतं.

कुणीच हात लावेना. फोनवर ती मुलगी "हॅलो सर, हॅलो सर" करतेय. शेवटी मी रॉकेलची बाटली आणि जुना ब्रश आणला आणि स्वतः घासायला लागले. तुमच्या बोटापासूनच सुरुवात केली, नाहीतर माझं धाडस झालं नसतं. रडत होते आणि घासत होते. रॉकेलने डोळे चुरचुरत होते, तेवढी सबब पुरली.

मंजिरी पोटाला हात लावून शेजारी उभी. जसजसा पत्रा उघडा पडेल तसतसा एकेक आकडा वाचायची, अमेय तो फोनवर सांगायचा. शेवटचा आकडा सांगून झाला आणि त्या मुलीने होल्डवर टाकलं. फोनमधून कसलंसं पिपाणीसारखं गाणं वाजत राहिलं. मी आयुष्यात गाण्याचा इतका राग कधी केला नव्हता.

अमेयचा चेहरा उतरला तेव्हाच कळलं मला. फोन ठेवून तो बॉनेटला टेकला. "आहे आई. आपली गाडी आहे यादीत. चालवू नका म्हणाली, ते स्वतः न्यायला येतायत."

मघाशी किल्ली फिरवायला निघालेला पोरगा, त्याने किल्ली माझ्या हातात दिली.

क्रेनसोबत आलेल्या माणसाने आत डोकावून आणखी एक गोष्ट दाखवली. डॅशबोर्डवरची तुमची सप्तशृंगीची मूर्ती. "काकू, दुसरी पिशवी याच झाकणाखाली आहे. डबी चांगली असती तरी फुगल्याबरोबर देवी उडून समोर बसलेल्याच्या तोंडावर आली असती." अहो, मी इतकी वर्षं त्याच सीटवर बसले! घाटात हलू नये म्हणून तुम्ही तिला कसला जालीम गोंद लावला होतात? हातांनी निघेना. मग मंजिरी आत गेली आणि पैठणीच्या रेशमाचा एक पीळ घेऊन आली. विणकराच्या घरची लेक ती. मूर्तीखाली रेशीम सरकवलं आणि आरीसारखं मागेपुढे ओढत राहिली. देवी अलगद सुटली. आता देवघरात आहे, सुखरूप.

संध्याकाळी दोघं नाशिकच्या द्वारका चौकातून ठरवलेल्या भाड्याच्या जीपने गेली. त्या जीपला एकही पिशवी नाही, ड्रायव्हरला मी एवढ्या सूचना दिल्या की तो हात जोडायला लागला. आत्ताच फोन आला, पोचली. आता मी बसलेय.

तुमच्यावर चिडले होते, ते उतरलंय. तुम्ही आम्हाला जपायलाच निघाला होतात, पिशवीने, शेंदराने, देवीनेही. फक्त एकदा विचारलं असतंत कुणाला, तर!

आणि एक सांगायचं राहिलं. क्रेन यायच्या आधी मी पत्रा पुन्हा एकदा फडक्याने पुसला. वरचा सगळा शेंदूर निघाला, पण कोरलेल्या आकड्यांच्या आत तो बसलाय, तो काही निघाला नाही. मीही मग जोर लावला नाही. काळवंडलेल्या पत्र्यावर केशरी आकडे. चष्मा न लावता वाचले मी.

शब्द देते, नवी डबी बसवल्याशिवाय आपल्या नातवंडाला त्या गाडीत पाऊल ठेवू देणार नाही. आणि दसऱ्याला शेंदूर मीच लावेन, लोक विधवेच्या हाताबद्दल काय म्हणायचं ते म्हणोत. पण नंबराच्या शेजारी लावेन, नंबरावर नाही. तिथे तुमचा आहे.

तुमची,
सुमन