अब्बांच्या बाजूची चढाई

सोम. ६ एप्रिल
बेरजेचा दिवस. सकाळपासून स्क्रीनसमोर. खालाचा फोन आला. तिचा नेहमीचाच प्रश्न, शाहीन घरी बसून करते काय? अम्मीने गॅसपाशी उभं राहून उत्तर दिलं, "ऑस्ट्रेलिया के पहलवानां हफ्ते में कितना थकते, वो लिखती." इतकी वर्षं मी लोकांना समजावतेय, एवढं नेमकं मला कधी जमलं नाही.

खरंच तेवढंच आहे. तिकडे लोक फोनवर आपापला खोटा संघ बांधतात, खेळाडू मात्र रग्बी लीगचे खरेखुरे. खऱ्या सामन्यात खेळाडूने जितक्या पकडी केल्या, जितका पळाला, तितके गुण संघमालकाला. (टॅकलला मी पकडच म्हणते. कबड्डीत गुडघा घालवलेल्या बाईच्या तोंडी दुसरा शब्द येणार कुठून?) कोण किती वेळ मैदानात होता, कुणाचं ओझं वाढलं, कोण दमलाय, हे मी दर आठवड्याला लिहायचं आणि प्रत्येकापुढे एक शब्द ठेवायचा: ठेवा, बसवा, विका. ब्रेट, म्हणजे तिकडचा संपादक, माझं इंग्रजी सरळ करतो.

या आठवड्याचा हिरो तांबड्या. खरं नाव लांबलचक आहे, केस लाल म्हणून आमच्यात तांबड्या. पकडी जवळजवळ दुप्पट झाल्यात. ठेवा, शिवाय कप्तान करा, असं लिहून टाकलं. कप्तानाचे गुण दुप्पट धरतात, म्हणजे वाचकांची चांदी.

बुध. ८ एप्रिल
रेकॉर्डिंग बघायला अब्बा शेजारी येऊन बसले. आल्या आल्या आवाज बंद. "ये बडबडे कायकू होना? खेल दिखरा ना." बरोबरच आहे. मग शांततेत बघितलं दोघांनी. अब्बांना रग्बीचे नियम निम्मे कळतात, पण कोण उठताना जमिनीला हात टेकतो हे माझ्या आधी दिसतं.

अब्बा कबड्डीचे पंच. दिवसा वाळूजला प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबायचा, संध्याकाळी मैदानात शिटी. रिटायर झाले तरी शिटी सुटली नाही. मला खेळ त्यांनीच शिकवला, गच्चीवर. माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे, मी टाकीपासून "कबड्डी कबड्डी" म्हणत यायचं, आणि दम तुटला की त्यांचा हात वर. चोरून श्वास घेतला तरी हात वर. एकदाही चुकले नाहीत. मी चिडून रडायचे.

शनि. ११ एप्रिल
दौलताबाद. जत्रेची स्पर्धा सुरू झाली. मी स्कूटरवरून अब्बांना घेऊन गेले. माती छान भिजवून दाबलेली, दिवे लावलेले, भेळवाल्यांची रांग. एका लांब बाजूला अब्बा, समोरच्या बाजूला संतोषकाका. पंचगिरीतले दोघं जुने जोडीदार.

मध्यंतरात संतोषकाका माझ्याशेजारी येऊन टेकले. "पोरी, आपुन आज पगारी सुट्टीवर हाय. सगळी पोरं पठाणभाईकडंच चढाई करायलीत. हिकडं चिमणी बी फिरकना." हसले मी. बाप लोकप्रिय आहे म्हटल्यावर बरं वाटतंच.

पण अब्बा किती पळाले! चढाईपटूच्या अंगाला अंग लावून, रेषा सोडून आत. पूर्वी असं करत नव्हते. येताना मागे बसून गप्प. घरी आल्यावर पिंडऱ्यांना तेल.

रवि. १२ एप्रिल
तांबड्या पुन्हा भरभरून खेळला. वाचकांचे बदाम, टाळ्या, कुणीतरी मला "राणी" म्हटलं. अम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, राणी, लसूण सोल.

अब्बा लंगडतायत थोडे. माझ्या हिशेबात हे सरळ प्रकरण: ओझं वाढलंय, पाय थकलेत, एक सामना बसवा. हे बोलायचं कसं?

मंगळ. १४ एप्रिल
जयंती. दुपारपासूनच चौकात डीजेची तयारी, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. अब्बा पलंगावर गाढ. अम्मी म्हणाली, घोडे बेचके सोये. मी म्हटलं, बघ किती थकलेत.

उठल्यावर विषय काढला. एक दिवस दुसऱ्याला शिटी द्या, पायांना आराम. "पैरां को क्या हुआ मेरे?" असं म्हणून बसल्या जागेवरून उठून दाखवलं, हात न टेकवता. मग चहा अर्धा टाकून बाहेर. संध्याकाळपर्यंत रुसवा. त्यांचं चुकलं नाही, पाय खरंच ठीक दिसले. मग ते आत का घुसतात?

गुरु. १६ एप्रिल
तांबड्या गेला. दुपारच्या सामन्यात खांदा धरून बाहेर, आता बरेच आठवडे नाही. खांदा म्हणे आधीपासून दुखत होता, क्लबने लपवलं होतं. माझ्या शब्दावर त्याला कप्तान केलेल्यांच्या शिव्या संध्याकाळपर्यंत वाचत होते. काही तर अगदी आपल्या गल्लीतल्यासारख्या.

ब्रेट चिडत नाही, तेच जास्त लागतं. त्याने एवढंच पाठवलं, जुने सामने पुन्हा बघ, पण तांबड्याकडे बघू नकोस. समोरच्यांकडे बघ.

बघितलं. समोरचा प्रत्येक जण चेंडू घेऊन पळताना दिशा बदलून तांबड्याकडेच येत होता. त्यांना खांद्याचं कळलं होतं. दुखरी जागा सापडली की सगळे तिथेच शिरणार, गायीलाही कुंपणातलं भोक आधी दिसतं. पकडी वाढल्या त्या त्यामुळे. आणि मी त्याला जोर समजून टाळ्या वाजवल्या. कबड्डी खेळलेली बाई मी! कच्च्या कोपऱ्यावरच चढाई करायची, हे तर माझंच शिक्षण.

पाणी प्यायला उठले, आणि संतोषकाकांचं वाक्य आठवलं. चिमणी बी फिरकना.

जेवले नाही नीट.

शनि. १८ एप्रिल
उपांत्य सामना. आज अब्बांकडे बघितलंच नाही. पोरांकडे बघितलं.

निळ्या जर्सीवाले मध्यरेषा ओलांडली की अब्बांच्या बाजूला वळतात. ओठ हलत राहतात. आवाज नाही. मी भेळवाल्याजवळ उभी, तिथून मला कळत होतं की दम तुटलाय. अब्बा पोरापासून दोन हातांच्या अंतरावर, मान वाकवून, कान पुढे करून पळतायत. शिटी नाही. पोरगा आरामात श्वास घेऊन गडी मारून परत. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

पलीकडच्या संघाचा कोपऱ्यातला गडी शेवटी ओरडला, "चाचा, दम गेला की त्याचा! ऐकू येत नाय का?" अब्बांनी त्यालाच हिरवं कार्ड दाखवलं. पंचाशी हुज्जत नको म्हणून ताकीद. तो पोरगा बिचारा मान खाली घालून जागेवर गेला. त्याचा संघ थोडक्यात हरला. निळेवाले अंतिम सामन्यात.

गर्दीत दोघंतिघं हसले. राग निळ्या पोरांचा आला, अब्बांचा आला, सगळ्यात जास्त माझा. टीव्हीचा आवाज बंद. डीजेत झोप. मी बोलताना टक लावून तोंडाकडे बघणं. मला वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतात आपलं!

स्कूटरवर अब्बा खुशीत. "देखी? सब मेरेच बाजू से." मी आरसा नीट केला आणि गाडी चालवत राहिले.

रवि. १९ एप्रिल
अम्मीला सांगितलं. ती पोळी लाटायची थांबलीही नाही. "मेरेकू मालूम है. कुकर की शिट्टी मैं गिनती, वो नहीं." मग इतके दिवस बोलली का नाहीस? तर म्हणे, "मैं बोली तो खिटखिट. तू बोल. तेरेकू पंच मानते वो."

मला कुठे मानतात. मी गेलेच नाही त्यांच्यासमोर. सामने बघत बसले, काय बघितलं ते आठवत नाही.

सोम. २० एप्रिल
सांगितलं.

चहाच्या वेळी, समोर बसून, नीट तोंड दाखवून. अब्बा, सगळी पोरं तुमच्याच बाजूने येतात, बघितलंत का?

"हौ. अच्छे पंच के सामने खेलते बच्चे."

मग तांबड्याचं सांगितलं. खांदा, तो लपवणं, समोरच्यांचं वळून येणं, माझं कप्तान करणं. अब्बा माझ्या ओठांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "मतलब?"

मतलब, दम तुटलेला तुम्हाला ऐकू येत नाही, अब्बा. पोरांना कळलंय. त्या कोपऱ्यातल्या पोराचं बरोबर होतं.

मला वाटलं ओरडतील. कप खाली ठेवला, चप्पल घातली. "ऊपर चल."

गच्चीवर वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी, बाकी काही बदललेलं नाही. ते जिन्याच्या दाराशी पाठ करून उभे राहिले. मी टाकीपाशी. "दम ले," म्हणाले.

घेतला. कबड्डी कबड्डी म्हणत निघाले. पण सवय गेली, छाती राहिली नाही पूर्वीची. निम्म्यातच तुटला. थांबले.

हात वर झाला नाही.

मी तशीच उभी. खालून भंगारवाल्याची हाक येत होती. खरं सांगते, मनात आलं, हळूच पुन्हा सुरू करावं. केव्हातरी ते अंदाजाने हात वर करतील, मी म्हणेन बरोबर, आणि आम्ही दोघं हसत खाली जाऊ. नाही केलं. पण बराच वेळ आलं मनात.

पाठ तशीच ठेवून ते म्हणाले, "शुरू कर ना."

जवळ जाऊन खांद्याला हात लावला.

"हो गया?"

हो गया, अब्बा.

"कब?"

मघाशीच.

तारेवरचा शर्ट काढला त्यांनी, घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली. मग म्हणाले, "मेरे आगे क्या लिखेगी? ठेवा, के बसवा?" हसून विचारलं, म्हणून जास्त वाईट वाटलं. विका हा शब्द त्यांनी घेतला नाही. मी उरलेले कपडे तारेवरून ओढले आणि जिन्याकडे वळले. जिन्यात रडले.

मंगळ. २१ एप्रिल
तिकडचे संघ जाहीर झाले. तांबड्याच्या नावापुढे एका शब्दाऐवजी चार ओळी लिहिल्या: ओझं कुणी वाढवलं ते आधी बघा, आकडा नंतर. ब्रेटने एकही शब्द बदलला नाही. पहिल्यांदाच.

अम्मीने कानाच्या डॉक्टरचा नंबर लावलाय. अब्बा म्हणतात जत्रेनंतर. संतोषकाका येऊन गेले, दार लावून दोघं बसले होते. जाताना काका मला म्हणाले, "गुणलेखकाची खुर्ची रिकामी हाय बरं का. तिथं डोळे लागतेत, कान नाय." म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, आणि सगळ्यांनी आदर म्हणून गप्प बसायचं ठरवलं होतं. असला आदर काय कामाचा?

पण टेबलामागे खुर्चीत बसलेले अब्बा मला डोळ्यांसमोर आणता येत नाहीत. उभंच बघितलंय त्यांना.

बुध. २२ एप्रिल
आज अंतिम सामना. निळेवाले आहेतच.

अब्बांनी सकाळी स्वतः इस्त्री केली. पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, बूट खडूने पांढरे केलेले. शिटी गळ्यात नाही. खिशात आहे की कोनाड्यात, बघायची हिंमत झाली नाही. अम्मीने विचारलं, किधर बैठने वाले? त्यांनी ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कळायला मार्ग नाही. हा एक नवाच ताप.

मी कपडे बदलून आले तर दारात उभे. "तेरा जवाब बाकी है," म्हणाले.

मी म्हटलं, अब्बा, बसा दोन मिनिटं, सांगते.

"देर होरी. रस्ते में बोल."

खाली गेलेत. गाडीवर मागच्या बाजूला बसलेतसुद्धा, खिडकीतून दिसतायत. रस्त्यात सांग म्हणे! स्कूटरवर, हेल्मेट घातलेलं, समोरून वारा, आणि माझी पाठ त्यांच्याकडे.

मैदान यायच्या आधी कुठेतरी गाडी थांबवावी लागेल. उतरून, समोर उभं राहून, तोंड दाखवून बोलावं लागेल. हॉर्न वाजवतायत. आले, अब्बा.