पिवळ्या रेघेच्या पुढं

४ नोव्हेंबर, सोमवार

रुजू झालो. हवाई दलात बावीस वर्षं विमानांच्या पोटाखाली काढल्यावर, नांदेडपासून पाऊण तासावरच्या या चिमुकल्या नव्या विमानतळावर ‘सुरक्षा अधिकारी’ अशी पाटी मिळाली. दिवसाला एकच विमान, दोन पंख्यांचं, साडेअकराला हैदराबादहून येतं. स्टेशन मॅनेजर श्रीनाथ सरांनी शाल, श्रीफळ आणि फेटा देऊन सत्कार केला. मी अजून काहीच केलेलं नव्हतं, पण इकडं ती अडचण मानत नाहीत. हाताखाली एकच माणूस, नायगावचा भीमा, चाळिशीचा, काडीसारखा. हातांचे इशारे करून विमान पिवळ्या रेघेवर थांबवायचं, चाकाला ठोकळे लावायचे, मग झाडू मारायचा, सगळं तोच करतो. त्यानं आग्रह करून डब्यातली भाकरी आणि खारं, म्हणजे इकडचं लोणचं, दिलं. म्हणाला, साहेब, इथं काम कमी अन् फोटू लई. मजेत दिवस जातील असं दिसतंय.

१० नोव्हेंबर, रविवार

आज इथली प्रथा बघितली. कॅप्टन आलोक उदगीरचा, तालुक्यातला पहिला पायलट. रविवारी तो येतो तेव्हा त्याचे काका शेषेराव लांब बांबूला आकडी लावून, तिच्यावर झेंडूचा हार चढवून कॉकपिटच्या खिडकीपर्यंत पोचवतात. पंखे गरगरत असतानाच. कॅप्टन सीटवरून अर्धा उठतो, मुंडी बाहेर काढतो, फोटो होतो. उठताना ब्रेकवरचा पाय सुटतो, एवढीच किरकोळ बाब. विमान रेघेच्या पुढं हातभर सरकलं. ठोकळे घेऊन वाकलेला भीमा कोलांटी खाऊन बाजूला पडला. हार सुटून पंख्यात गेला आणि झेंडूचा लगदा माझ्या ओठांवर येऊन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

श्रीनाथ सर म्हणाले, भूमिपुत्र आहे साहेब, लोकांचं मन कसं मोडायचं. कॅप्टन म्हणाला, मी थांबलोच होतो, तुमच्या माणसानं अजून पुढं बोलावलं. भीमाचे हात डोक्यावर फुलीसारखे होते, थांबा म्हणून. मी स्वतः पाहिले.

१२ नोव्हेंबर

भीमानं आज सांगितलं. त्याच्या आधी या कामावर भागवत होता. मार्चमध्ये हाच हार, हेच हातभर सरकणं. पंख्यानं घेतला त्याला. भीमा तेव्हा सामान चढवायला होता. म्हणाला, गोळा मीच केलो साहेब, चादरीत, अन् तवापास्नं ही ड्यूटी माझ्याकडं.

दुपारी भागवतच्या अपघाताची फाईल टेबलावर आली. ‘मृताने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले.’ इशारे करणारा भागवतच, मग त्यानं दुर्लक्ष कुणाच्या इशाऱ्याकडे केलं? सुरक्षा अधिकाऱ्याची सही तेवढी राहिली होती. सर म्हणाले, सही नाही तर चौकशी, चौकशी म्हणजे विमान बंद, चाळीस घरं बसतील. मी सही केली. सुबक आली.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज दोन हात पुढं. कॅप्टन पुन्हा तेच म्हणाला. वर वैतागून सांगितलं, तो जाडा, डाव्या खांद्यानं वाकडा, तोच बोलावतो ना दर वेळी. भीमा हळूच म्हणाला, साहेब, भागवतचा डावा खांदा तसा होता.

सरांनी तोडगा काढला. रेघेपाशी भागवतचा फोटो ठेवायचा, त्यालाही हार, आणि मरणोत्तर ‘आदर्श कर्मचारी’ पुरस्कार. स्मृतिचिन्हाची ऑर्डर गेलीसुद्धा.

१९ नोव्हेंबर

भीमानं सुपली पुढं केली. रविवारच्या झेंडूचा चुरा. त्यात एक नख, मुळासकट. ओलं. भीमा म्हणाला, दर रविवारी निघतंय साहेब, बोलू कुणाला?

माझ्या सहीची झेरॉक्स खिशात होती. हात तीनदा धुतले. जेवलो नाही.

२१ नोव्हेंबर

लेखी दिलं. हार बंद करा, पंखे थांबेपर्यंत चाकाजवळ कुणी जायचं नाही, आणि माझी सही मागे घेतो. सरांनी कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. म्हणाले, रविवारी कॅप्टनची शंभरावी खेप आहे, तुमचा आवाज चांगला, तुम्ही माइक सांभाळा.

बाहेर आलो. भर दुपार, विमान नाही, कुणी नाही. रेघेच्या पुढं तो उभा होता, जाडा, डावा खांदा वाकडा. दोन्ही हात हलवत — या, या. समोर मीच होतो.

२३ नोव्हेंबर

भीमाला म्हटलं, उद्या रजा टाक. म्हणाला, मी न्हाई तर दुसऱ्याला उभं करतील साहेब, त्याला तर रेघबी ठाव न्हाई.

खरं आहे. रेघ मला ठाऊक आहे. हवाई दलात मी हेच ठोकळे —

२४ नोव्हेंबर, रविवार

माइकपाशी. भाषणाच्या कागदांखाली वही. विमान दहा मिनिटं लवकर उतरलं. येतंय. कॅप्टनच्या कानाला फोन.

रेघेवर थांबलं. पंखे चालू. शेषेराव आकडीला हार अडकवतायत. फोटोवाला म्हणतोय, जरा थांबा, ऊन समोर आहे.

भीमाची फुली. त्याच्या मागं तो. हात हलतायत. कॅप्टन भीमाकडं बघतच नाही, मागच्याकडं बघून मान डोलावतोय —

माइकवर ओरडलो, भीमा, मागं हो. पंख्यांच्या आवाजात गेलं. लोक हसले.

भीमानं ठोकळे उचलले. निघाला.

भागवत आता कॅप्टनकडं बघत नाही. मान वळवून माझ्याकडं — या.

सही माझी. भीमाला ओढून काढतो, ठोकळे मी लावतो. तीस पावलं आहेत. बांबू वर गेला, कॅप्टन उठतोय, पाय सुट