बिनवायरीचं पेन आणि धाकट्या लक्ष्मीचा कान

१८ ऑगस्ट, सोमवार

आलं! बिनवायरीचं सोल्डरिंगचं पेन आलं एकदाचं. पार्सलवाल्यानं पारावर उभं राहून घर विचारलं, म्हणजे सुंदररावांच्या सुनेनं काहीतरी मागवलंय हे आता अख्ख्या नांदूरघाटला कळलं. यांनी — म्हणजे अमरसिंहांनी — ते उलटंपालटं करून बघितलं. "टॉर्च हाय का काय हे?" म्हटलं, बारीक वायरी जोडायचं आहे. "मग वायरमनला बोलवायचं की!"

झालं. माझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोम्याची या घरात एवढीच किंमत. फ्रेम मात्र छान आहे त्याची. पोरीचा टॉवेल वाळत असतो तिच्यावर.

१९ ऑगस्ट

चार्जिंगला लावलं. लाइट गेली.

२२ ऑगस्ट

तीन दिवस खेळून झालं. आता प्रामाणिकपणे लिहिते, कारण दुकानाच्या साइटवर लिहिलं तर हे वाचतील आणि म्हणतील, "बघ, सांगितलं हुतं!"

आधीच्या वायरवाल्या पेनाला एकच प्लग — फ्रिजमागचा. म्हणजे एकीकडं फोडणी, एकीकडं सोल्डरचा धूर, आणि मधे मी! हे पेन घेऊन कुठंही बसता येतं. पटकन तापतं. केसासारख्या वायरी, मण्याएवढे दिवे — टेकवलं की जोडलं. हात अगदी कॉलेजातल्यासारखा हलका चालला. लई दिवसांनी.

पण जाड वायर? नाव नको. मामंजींच्या — सासऱ्यांच्या — जीपवरच्या भोंग्याची वायर घेतली जोडायला. सोल्डरचा नुसता गोळा झाला, टोक तिथंच थिजलं आणि लाल दिवा लुकलुकून पेन झोपलं. भोंगा आता अजिबातच वाजत नाही. मामंजी अजून कुणालातरी शिव्या देतायत. मी पुरी लाटत होते.

निकाल — हौसेला ठीक, संसाराला नाही. माझ्यासारखंच.

२४ ऑगस्ट

डोक्यात किडा आलाय. यंदा महालक्ष्म्यांच्या कानात बारीक दिव्यांचे झुबे घालायचे! आत्याबाईंना (सासूबाईंना) विचारलं. "लक्ष्मी हाय ती. लग्नाचा मांडव न्हाई!"

आणि मुखवट्यांना हात लावायचा नाही, हे तर आहेच. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. पितळेचे मुखवटे त्याच ट्रंकेतून काढणार, त्याच घासणार, त्याच दार लावून सजवणार. मी फुलोरा तळायचा. आत्याबाईंचं, म्हणजे रतनबाईंचं राज्य आहे, आपण प्रजा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काय करून बसले हे!

आत्याबाई लक्ष्म्यांच्या साड्या आणायला केजला गेलत्या. मुखवटे घासून पाटावर झाकून ठेवलेले. म्हटलं, नुसतं घालून बघू, आवडले तर त्याच म्हणतील राहू दे. झुब्याची वायर धाकटीच्या कानाच्या भोकातून मागं घेतली. मागून टेकवलं. दिवा लागला! अगं काय दिसली ती! मी टाळ्या वाजवल्या. एकटीच.

वायर जरा सैल वाटली. म्हणून पेन टेकवलं तसंच धरलं. आणि कान हातात आला.

कान! लक्ष्मीचा! ज्या पेनाला भोंग्याची वायर तापवता येत नाही, त्यानं पितळेचा कान पाडला! मागं सगळं चिकट चिकट झालं होतं — माझाच फ्लक्स, म्हणजे सोल्डरला लावायची चिकट राळ, सांडला असणार, दुसरं काय. पुसला आणि लागले सोल्डर करायला. पितळ सगळी उष्णता पिऊन बसलं. सोल्डर घरंगळून पाटावर. पेन झोपलं. चार्जिंगला लावायला गेले तर लाइट नाही! आधी हसू आलं, मग रडूच फुटलं.

भंगलेला मुखवटा पूजेला चालत नाही. पाण्यात सोडायचा, नवा आणायचा. आणि हे मुखवटे आत्याबाईंच्या आजेसासूचे. त्यात मामंजी यंदा जिल्हा परिषदेला उभं राहायचं म्हणतायत. मांजर आडवं गेलं तरी जीप माघारी फिरवतात. पडले तर कुणामुळं? कान तोडणारीमुळं! जन्मभर तेच ऐकायचं. पेन विहिरीत जाईल ते वेगळंच. आणि या घरात माझं म्हणावं असं तेवढंच आहे.

खरी भीती त्याहून वेगळी. देवीची वाटते. "चुकले गं बाई" म्हणून पाटापुढं डोकं टेकलं.

पोरीच्या प्रोजेक्टातली दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावून कान बसवला. डिप्लोमा, फर्स्ट क्लास!

३१ ऑगस्ट, रविवार

लक्ष्म्या आल्या. उभ्या राहिल्या. कान जागेवर. मी देवीला कमी, त्या चिकटपट्टीलाच जास्त हात जोडले.

१ सप्टेंबर, सोमवार

जेवणाचा दिवस. सोळा भाज्या, पुरण, कढी. माझा एक डोळा कढईत, एक कानावर. समयांची धग लागली आणि आरतीच्या वेळी कान खाली लोंबायला लागला. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या शिवकन्याकाकू म्हणतात कशा, "धाकटी यंदा कान देऊन ऐकतीय गं बया!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

आत्याबाई नाही हसल्या. त्यांनी कानाकडं बघितलं. मग माझ्याकडं. पुढं होऊन लक्ष्मीचा पदर कानावर ओढला आणि "बसा, बसा, पान वाढते" म्हणाल्या.

दिवसभर पानं वाढत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हे विचारतात, "कावून तोंड उतरलंय?" म्हटलं, उपवासानं. उपवासाला पुरणपोळ्या दाबून खाल्ल्या होत्या मी.

२ सप्टेंबर, मंगळवार

लक्ष्म्यांची पाठवणी झाली. आत्याबाईंनी मला खोलीत बोलावलं आणि आतून कडी घातली. धाकटी त्यांच्या मांडीवर, कान वेगळा. मी पाया पडायला वाकले, तर दंड धरून बसवलं.

"रडू नको. तू न्हाई तोडला. माज्या हातनं पडला हुता, अमर पोटात हुता तवा. सासूला सांगायची छाती झाली न्हाई. दरसाल मेणानं चिटकिवते."

मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तुज्या त्या पेनानं पक्का बसंल का?"

खरं ते सांगितलं. "न्हाई आत्याबाई. पितळ तापत न्हाई त्याच्यानं."

"मग ऊठ. मेण आण."