दारावरचा कोहळा

शुक्रवार, अमावास्या. दिवेलागण.

दारावरचा कोहळा सडला, काढून टाकला. के. आर. पुरमच्या बाजारातून नवा आणला. दारात कोहळा असला की सैतान उंबरा ओलांडत नाही. वर्षभर रोज येतोय मेला. आजही आला.

"अक्का, आत येऊ?"

"अक्का म्हणतोस आणि लग्नाचं विचारतोस?"

हसला. म्हणाला, "आत आलो तर तुला घेऊनच जाईन. परत सोडणार नाही. आधीच सांगतो."

आधीच सांगतो! वीस वर्षं संसार करून नवरा निघून गेला, त्यानं चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही.

भीती वाटते का मला? स्वल्प वाटते. पण ठरवलं ते ठरवलं.

नवा कोहळा टांगला नाही. चिरून सांबारात घातला. तो पायरीवर बसलाय. दोन ताटं घेतलीत. आता हाक मारते.