संगमनेर दगडाबाईच्या गोठ्यातच राहील

मी, नृसिंह दत्तोपंत देवचक्के, वय अंदाजे एकोणपन्नास, धंदा शाळामास्तर, राहणार मौजे खांडवाडी, पाथर्डीनजीक, जिल्हा अहमदनगर, कुलदैवताचे स्मरण करून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. उजवा पाय तेवढा फळ्यांत बांधला आहे. कोणाचा धाक नाही, धाकटा भाऊ शामकांत याचा आग्रह मात्र आहे, की "दादा, काय ते एकदा लिहून टाका."

पाय मोडण्याचे कारण असे. कोकण कोणत्या बाजूस उतरते ते मुलांना दाखवीत असता मी हरिश्चंद्रगडावरून पडलो. आमच्या जमिनीवरच्या नकाशात हा गड म्हणजे शेजारीण दगडाबाई हिचा उकिरडा. शामकांतास निरोप फक्त गडाचा गेला. तो नगरहून रडत आला, मला जिवंत पाहून शांत झाला, आणि चहा होईपर्यंत शाळेमागची माझी जागा पावलांनी मोजून आला. ती जागा पलीकडच्या काकासाहेबांना कांद्याच्या वखारीसाठी हवी आहे. माझ्यामागे शामकांत ती विकील. तसे होऊ नये म्हणून हा कागद.

एक. राहते घर, गाय आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी इंदू हिची. आणखी काय हवे, असे तिला विचारले. "बाहेरून आलात की पाय धुऊन घरात या, एवढं लिहा," म्हणाली. ही अट माझ्या मृत्यूनंतर लागू करणे अवघड आहे, तरी तिच्या समाधानासाठी नोंदवली.

दोन. देवघरातील नृसिंहाची मूर्ती शामकांताची. रोज पूजा करावी. कचेरीची घाई असेल त्या दिवशी नुसता नमस्कार करावा. देव घरचाच आहे, समजून घेतो. माझी छत्रीही त्यानेच घ्यावी. ती मागच्या खेपेला त्याने नेलीच आहे.

तीन. पहार, कुदळ, सुतळी व खुंट्या शाळेतील मुलांच्या. एकेक खुंटी म्हणजे नकाशातले एकेक गाव, म्हणून त्या जळणात घालू नयेत. गेल्या शिमग्याला पारनेर होळीत गेले आणि सगळ्या वर्गाने प्रदक्षिणा घातली.

चार. आता ती जागा. मुरमाड आहे, कुसळही नीट येत नाही. शाळेत भिंतीवर जिल्ह्याचा कापडी नकाशा होता. एके दिवशी पुष्पावती या मुलीने विचारले, "गुर्जी, ह्यात आपलं गाव कुठं हाय?" मी म्हटले, नाही. "मग आमी कुठं ऱ्हातो?" संध्याकाळी देवापुढे बसलो, तेव्हाही तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी वर्ग घेऊन या जागेत गेलो आणि म्हटले, आपण जमिनीवर जिल्हा काढू, सुरुवात खांडवाडीपासून.

येथे घोटाळा झाला. प्रत्येकाने आपले घर मांडले, मग विहीर, मग बांधावरची बोर, मग भांडण झालेल्या चुलत्याचे घर जरा लांब. गाव संपेना. नगर शहराला पाट मांडण्याइतकी जागा उरली. शनिशिंगणापूर कुंपणाला टेकले. तिथल्या मातीच्या घरांना दारे करायची नव्हती, म्हणून ते लवकर आटोपले. आणि संगमनेर कुंपण ओलांडून दगडाबाईच्या गोठ्यात गेले. दगडाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या संगमनेर. पर नदी माज्या गोठ्यातून न्यायची न्हाई. म्हस नाजूक हाय." प्रवरा तेव्हा गोठ्याला वळसा घालून आणली. नाजूक म्हैस त्याच दिवशी जाऊन संगमनेरवर बसली.

पुढे तपासणीस साहेब आले. त्यांनी छगन नावाच्या मुलास विचारले, "संगमनेर दाखव."

"म्हशीखाली हाय, सायेब. उठली की दावतो."

साहेब थांबले. म्हैस रवंथ करीत राहिली. साहेबांनी शेरा लिहिला: मुलांस जिल्ह्याची माहिती उत्तम, प्रमाणाचे ज्ञान शून्य. शेरा खरा आहे. तरी मी गाव लहान केले नाही. ज्याला आपली विहीर मोठी दिसते, तो दुसऱ्याची नदी पाहायला उत्सुक असतो, असा माझा अनुभव आहे. पुष्पावती आईबापांबरोबर ऊसतोडीला प्रवरेकाठी गेली होती. परत आली ती घरी न जाता थेट नकाशावर. "गुर्जी, नदी लई बारीक काढली तुमी. मी बगून आले." आणि टाचेने माझी प्रवरा रुंद करून टाकली. मला मनातून फार बरे वाटले.

म्हणून ठरवितो, की जो जिथे जाऊन येईल त्याने तिथली दुरुस्ती करावी. मास्तराला विचारू नये. मास्तर पुण्याच्या पलीकडे गेलेला नाही.

पाच. सदर जागेचा मालक माझ्यामागे शामकांतच राहील. सख्ख्या भावाला वगळले असे कोणी म्हणू नये. त्याला ती विकण्याची पूर्ण मुभा आहे. अट एकच. नकाशा पुरा झाला, असे शाळेतील सर्व मुलांनी एकमुखाने सांगितले पाहिजे. तोवर नांगर, वखार, कांदा काहीही तेथे येणार नाही.

ही अट वाचून शामकांत खूश झाला. "दादा, पुरा झालेलाच आहे की," म्हणाला आणि काकासाहेबांना घेऊन लगोलग मुलांकडे गेला. मी खाटेवरून ऐकत होतो.

"काय गं, झाला ना जिल्हा?"

"जिल्हा झाला," पुष्पावती म्हणाली. "पर जिल्ह्याच्या पल्याड काय हाय ते ऱ्हायलंय. उगवतीला निजामाचं बीड लागतं. माजी मावशी तितं दिलीया."

"मग काढा की एका कोपऱ्यात."

"कोपऱ्यात कसं? उगवतीला काकासाहेबांची वांगी हायेत."

यानंतर खुंटी ठोकल्याचा आवाज आला, आणि काकासाहेब धावल्याचा. "माझ्या वांग्यात निजाम आणायचा न्हाई, सांगून ठेवतो," असे ते बराच वेळ म्हणत होते. शेवटी काकासाहेबांनी वखारीचा विषय कायमचा सोडला आणि त्या बदल्यात मुलांनी बीड पुढच्या सालावर ढकलले. काकासाहेब घामाघूम होऊन माझ्याकडे आले आणि साक्षीला आपण होऊन बसले.

येणेप्रमाणे लिहिलेले वाचून पाहिले, माझ्या मनातलेच आहे. देव सर्वांस सुबुद्धी देवो.

मुक्काम खांडवाडी, माघ शुद्ध पंचमी, शके १८६७.

सही: नृसिंह दत्तोपंत देवचक्के

साक्षीदार:
१. दगडाबाई, शेजारीण. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.
२. काकासाहेब, शेतकरी. सही दस्तुरखुद्द. वांग्याचा वाफा सोडून बाकी सर्व मान्य.