दीपमालाच्या घरात कोणी राहायचे आणि कोणी नाही

मी, गिरजाबाई किसन घोडके, वय ६९, राहणार दत्तवाडी, आकुर्डी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, कारण ते ठिकाणावर नाही असे म्हणायला माझा मुलगा टपून बसला आहे. वकीलबाईंनी यातली काही वाक्ये काढायला सुचवले होते. ती काढू नयेत.

१. माझे यजमान किसन उदगीरहून इथे फाउंड्रीत कामाला आले आणि चिमणीचा धूर छातीत साठवून लवकर गेले. त्यानंतर मी शिफ्टच्या कामगारांसाठी खानावळ चालवली. आकुर्डीतले दोन खोल्यांचे घर त्या कमाईतून माझ्या नावावर घेतले. ते स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित म्हणून कोणी त्यावर हक्क सांगू नये.

२. मला दोन अपत्ये. थोरला रणजीत चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे आणि पत्नी वर्षालीसह चऱ्होलीला नव्या सोसायटीत राहतो. धाकटी दीपमाला, वय ४१, जन्मापासून बौद्धिक अक्षम. ती स्वतःचे सगळे आवरते, चपात्या माझ्यापेक्षा पातळ लाटते आणि कोपऱ्यावरून भाजी आणते. पैशाचा हिशेब तिला जमत नाही, वाचता येत नाही आणि चार माणसे एकदम बोलू लागली की ती घाबरून कान झाकते. तिला जन्मभर सोबत लागेल. सोबत म्हणजे पहारा नव्हे, हे ज्याला समजत नाही त्याने तिच्या जवळ फिरकू नये.

३. हे घर मी दीपमालासाठी विश्वस्तांच्या ताब्यात देते. विश्वस्त दोन: तिच्यासारख्यांना काम शिकवणाऱ्या ज्या कार्यशाळेत ती जाते तिथल्या शिक्षिका पूनम वाघमारे आणि त्या कार्यशाळेचा पालक संघ. दीपमाला जिवंत आहे तोवर ती याच घरात राहील. घर विकू नये, गहाण टाकू नये, 'तिच्या सोयीसाठी' म्हणून बदलूही नये. तिच्या पश्चात ते पालक संघाला जावे आणि तिच्यासारख्या बायकांनी तिथे राहावे. रणजीतला त्यातली वीटसुद्धा मिळू नये. का ते पुढे लिहिते.

४. माझे खुब्याचे हाड मोडले आणि मी दवाखान्यात पडून होते, तेव्हा रणजीतने दीपमालाला चऱ्होलीपुढच्या एका खासगी वसतिगृहात नेऊन टाकले. मला सांगितले, ती आमच्याकडे मजेत आहे. तिची दिवाळी तिथेच गेली. मला चालता येऊ लागल्यावर वर्षालीच्या तोंडून खरे निसटले आणि मी काठी टेकत तिथे गेले. तिचे केस मशिनने उतरवले होते. दाराला बाहेरून कडी होती. मी हाक मारली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली.

"कशाला आली?" ती म्हणाली. "तूच पाठवलंस ना. दादा बोलला, आईला तू नको."

मुलाने बहिणीला ओझे मानले, हे मी एक वेळ गिळले असते. जगात तसे पुष्कळ भाऊ आहेत. पण तिला टाकताना त्याने माझे नाव पुढे केले. मी त्याला जाब विचारला तर म्हणाला, "तिला काय कळतं, आई? महिन्याभरात विसरली असती." त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही. बोलायचे होते ते इथे लिहिले.

५. ती विसरली नाही. घरी आणल्यावर मी चप्पल घातली की ती स्वतःचे कपडे पिशवीत भरून दाराशी उभी राहायची. मी मेल्यावर हिचे काय, याचे उत्तर वसतिगृह नव्हे, सवय आहे, हे पूनमने मला पटवले. मग मी देहूरोडला बहिणीकडे मुद्दाम राहायला जाऊ लागले. कधी परत येणार ते आधी सांगायचे आणि त्याच दिवशी यायचे. सकाळ-संध्याकाळ पूनम येऊन बघायची. पहिल्या खेपेला दीपमाला जिन्यातच बसून राहिली, जेवली नाही. आता मला म्हणते, "तू जा, मला काम हाय." दार ती आतून लावते. ही सोबत माझ्यामागेही अशीच चालावी. त्यासाठी माझी बँकेतली ठेव विश्वस्तांनी वापरावी.

६. माझ्या सोन्याच्या पाटल्या वर्षालीने दवाखान्यातच विचारल्या होत्या. याच वर्षालीने स्वतःच्या गृहप्रवेशाला पाहुण्यांपुढे दीपमालाची ओळख 'कामाला असते' अशी करून दिली. पाटल्या दीपमालाला द्याव्यात. तिला सांभाळता येणार नाहीत असे कोणी म्हणेल. हरवल्या तर हरवू द्या, पण तिच्या हातून हरवू द्या.

७. खानावळीची पातेली, पराती आणि मोठा तवा कार्यशाळेला द्यावा. किसन यांचे घड्याळ रणजीतला द्यावे. ते बापाचे आहे, माझे नाही, म्हणून अडवत नाही.

८. दीपमालाची कायदेशीर पालक म्हणून पूनमची नेमणूक व्हावी असा माझा अर्ज अशा माणसांचे पालक नेमणाऱ्या सरकारी समितीकडे गेला आहे. रणजीतने उद्या प्रेमाचे सोंग घेऊन तिथे दावा केला, तर कलम ४ त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे.

९. मी गेल्यावर दीपमालाला कोणी 'आई गावाला गेली', 'आई देवाघरी गेली' असे सांगू नये. ती वाट बघत बसेल. पूनमने तिला माझ्याजवळ आणावे, माझ्या अंगाला हात लावू द्यावा आणि सरळ सांगावे: आई मेली. तुला सोडून गेली नाही, मेली.

१०. इथपर्यंतचे लिहून झाल्यावर मी ते दीपमालाला सोप्या भाषेत समजावून सांगितले, कारण घर तिचे आहे. तिने मान खाली घालून सगळे ऐकले आणि विचारले, "दादा आला तर त्याला जेवायला वाढू का?"

मी नाही म्हटले. ती म्हणाली, "माझं घर हाय ना?"

म्हणून हे कलम तिच्या सांगण्यावरून घालत आहे, माझ्या मनाविरुद्ध. रणजीत आला आणि दीपमालाची इच्छा असली, तर तिने त्याला जेवू घालावे. विश्वस्तांनी अडवू नये. त्याने खाली मान घालून जेवावे, आपले ताट आपण धुवावे आणि निघावे. मुक्काम नाही.

वरचे सर्व मला वाचून दाखवले. ते माझेच शब्द आहेत म्हणून सही करते.

गिरजाबाई किसन घोडके (सही)

गिरजाबाईंनी आमच्यासमोर सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. या मृत्युपत्रात आम्हा दोघांना काही मिळणार नाही.

१. डॉ. निरंजन शिवणकर, आकुर्डी (सही)
२. छबूबाई तुकाराम लांडे, शेजारी, दत्तवाडी (सही)

ठिकाण: आकुर्डी
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५