ताडपत्रीखालची शिडी

चि. दीपमाला,

जयभीम. आज ह्यांचा स्मृतिदिन. हार घेऊन जिन्याखाली गेले, ह्यांच्या सायकलीवरची ताडपत्री उचलली, आणि आत आपली शिडी! सीटच्या जागी माझीच जुनी उशी बांधलेली. चोरी झाली असे समजून वॉचमनला नको ते बोलले. तो बिचारा म्हणाला, "आजी, सायकल वहिनींकडे असते. चार महिने झाले, रोज खराडीला ऑफिसात नेतात. एकट्या माणसासाठी मोटारीचा धूर कशाला, म्हणतात."

चार महिने! आणि मी रोज दुपारी त्या शिडीवरची ताडपत्री भक्तिभावाने पुसत होते.

"दारात मोटार असताना इंजिनिअर सुनेने सायकल दामटणे शोभत नाही," असे मीच म्हणाले होते, हे मला आठवते. तरीही शिडी? ह्या घरात माझी एवढी भीती आहे? माझ्या लेकाला, राकेशला, हे ठाऊक होते का, ते मी त्यालाच विचारीन.

मी विहारात जात आहे, आठपर्यंत परतेन. माफी मागत बसू नकोस. हार टेबलावर आहे, तो हँडलला घाल. ब्रेकची रबरे तपासून घे. तीस वर्षे कारखान्यात जाताना ह्यांनी ती कधी झिजू दिली नाहीत.

घंटी माझ्या ट्रंकेत आहे. हे गेल्यावर सोसायटीतली मुले ती वाजवायची आणि हेच आले असे वाटून मी चहा ठेवायला उठायची, म्हणून काढून ठेवली होती. आजच बसव. उद्यापासून फाटकात घंटी वाजवून आत यायचे. आधण कधी ठेवायचे, ते मला कळले पाहिजे.

— आई